सरकारी जंगल वणव्यापासून वाचवण्यासाठी आधीच जाळून घ्यावे का? कोकणापुरते उत्तर

म्हसळा तालुक्यातील एका गावच्या संयुक्त वनव्यवस्थापन समितीच्या सचिवांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गावाच्या डोंगरावर सुमारे 180 हेक्टर राखीव वन असून दर वर्षी शिमग्याच्या आगेमागे त्याला वणवा लागतो, आणि तो खालच्या आंबा-काजूच्या बागांपर्यंत उतरतो. गावातील काही तरुणांनी अमेरिका व ऑस्ट्रेलियातील नियंत्रित जाळाची चित्रफीत पाहिली आणि सुचवले की, डिसेंबरातच समितीने सगळा डोंगर शिस्तीत जाळून घ्यावा, म्हणजे मार्चमध्ये पेटायला काही उरणारच नाही. वडीलधाऱ्यांपैकी काहींना हे पटले आहे, काहींना ते जंगलाशी वैर वाटते. यातले बरोबर काय, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो. सगळा डोंगर जाळू नये. डोंगराच्या कडेने आणि पायवाटांच्या बाजूने ठरावीक रुंदीच्या पट्ट्या मात्र जरूर जाळाव्यात, आणि त्या वनखात्याच्या देखरेखीखाली, संक्रांतीनंतर व माघी पौर्णिमेच्या आत, सकाळी खारा वारा सुटण्यापूर्वी जाळून विझवून मोकळे व्हावे. मी वनखात्यात 32 वर्षे नोकरी केली, तीही बहुतेक रायगड आणि रत्नागिरीत, आणि एवढ्या वर्षांत आगीने जंगल वाचवल्याचे मी जेव्हा जेव्हा पाहिले, तेव्हा ती आग जंगलाच्या आत नव्हती, काठावर होती.

तरुणांनी पाहिलेली चित्रफीत खोटी नाही. अमेरिकेत 1910 च्या ऑगस्टमध्ये आयडाहो आणि मोंटाना राज्यांत दोन दिवसांत सुमारे 30 लाख एकर जंगल जळाले. त्या धक्क्यातून तिथल्या वनसेवेने प्रत्येक आग विझवण्याचे धोरण घेतले आणि 1935 मध्ये तर असा नियमच केला की, लागलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आली पाहिजे. पश्चिम अमेरिकेतील पाँडेरोसा पाइनची जंगले ही मुळात काही वर्षांच्या अंतराने हलक्या आगीने साफ होणारी जंगले होती. आग थांबली, तशी वाळलेल्या सुयांची, फांद्यांची आणि दाट उगवलेल्या कोवळ्या झाडांची दाटी वर्षानुवर्षे साठत गेली, आणि पुढे लागलेल्या आगी जमिनीवर न राहता शेंड्यांवर चढू लागल्या. म्हणून 1970 च्या दशकात ते धोरण बदलले आणि ठरवून जाळण्याचे काम वाढले. ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाज तर हजारो वर्षे थंड हंगामात थोड्याथोड्या तुकड्यांत आग लावून जमीन राखत आले आहेत. त्या त्या भूमीवर या गोष्टी शहाणपणाच्याच आहेत.

परंतु साठून राहणारे जळण हा त्या सगळ्या युक्तिवादाचा पाया आहे, आणि तो पाया कोकणात नाही. आपल्याकडे वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत पडतो. फेब्रुवारीत ऐन, किंजळ, सावर यांची जी पाने गळतात, त्यांतली बहुतेक पुढच्या दिवाळीपर्यंत ओल, बुरशी आणि वाळवी यांच्या तोंडी जाऊन माती झालेली असतात. एखाद्या न जळलेल्या रानात जानेवारीत पाचोळा हाताने उकरून पाहावा. वरचा चार बोटांचा थर कोरडा आणि त्या वर्षीचा असतो, त्याखाली काळसर, जाळीदार झालेली पाने असतात आणि त्याखाली थेट ओलसर माती लागते. तीस वर्षांचे जळण तिथे नसते. म्हणजे आपण यंदा जाळले नाही म्हणून पुढच्या वर्षी दुप्पट भडका उडेल, हे भय आपल्या पानझडी जंगलाला फारसे लागू पडत नाही. आपली आग गवताची आणि त्याच वर्षीच्या पाचोळ्याची असते. ती जमिनीलगत चालते आणि मोठ्या झाडाला क्वचितच मारते. म्हणूनच ती लोकांना निरुपद्रवी वाटते.

तिचे नुकसान दिसायला वेळ लागतो. ऐनाचे किंवा शिवणीचे बी पावसात रुजते, सहा महिन्यांत वीतभर रोप होते, फेब्रुवारीत आग येते आणि रोप जमिनीपर्यंत करपते. मूळ जिवंत असेल तर जूनमध्ये पुन्हा फुटते आणि फेब्रुवारीत पुन्हा करपते. असे दहा-बारा वर्षे चालले की डोंगरावर म्हातारी झाडे आणि गवत एवढेच राहते, मधली पिढी नाहीशी होते. पुढे म्हातारी झाडे एकेक करून पडतात आणि जागा रानमोडी व घाणेरी ही झुडपे घेतात, ज्या आगीनंतर बुडातून जोमाने फुटतात आणि वाळल्या की गवतापेक्षा अधिक भडकतात. टिकतात ती जाड सालीची झाडे, म्हणजे पळस, ऐन आणि कुंभा. कुंभ्याची साल तर इतकी संथ धुमसते की जुन्या काळी तोड्याच्या बंदुकीची वात तिच्यापासून करीत असत. ज्या टेकडीवर कुंभा आणि पळस सोडून दुसरे झाड डोळ्यांना दिसत नाही, ती टेकडी दर वर्षी जळते, असे मी नोंदवही न पाहता सांगू शकतो. आपल्या डोंगरावर फेरी मारताना हे एकदा बारकाईने पाहावे. कंबरेएवढी ते डोक्याएवढी रोपे किती आहेत, तेच मोजावे. ती नसतील, तर डिसेंबरात शिस्तीने जाळा किंवा मार्चमध्ये बेशिस्तीने जळू द्या, रोपाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. सलग पाच-सहा वर्षे आग न लागलेल्या तुकड्यात ही रोपे ज्वाळेच्या उंचीवर निघून जातात, आणि मग एखाददुसरी आग त्यांना सोसते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण आपल्या समितीत कोणी वाचन असलेला माणूस ती काढेल. भारतातही हंगामाच्या सुरुवातीला हलकी आग लावण्याची परंपरा आहे. कर्नाटकातील बिळिगिरीरंगन डोंगरातील सोलिगा समाज जानेवारीच्या सुमारास पाचोळा जाळीत असे, आणि अभयारण्य झाल्यानंतर ही प्रथा बंद पडली व घाणेरी माजली, असे त्यांचे म्हणणे आहे. मला ते विचार करण्याजोगे वाटते. पण ते कोरडे रान आहे, तिथे आग लावणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्याच रानात फिरणारी आहेत, आणि ती एका वेळी थोडाच तुकडा जाळीत. 180 हेक्टर एका आठवड्यात जाळून मोकळे होणे आणि हे, यांत फार अंतर आहे.

आता सड्यांविषयी, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांविषयी. आपल्या वनाच्या पश्चिमेला कातळ आहे असे आपण लिहिले आहे. कातळावरचे गवत दिवाळीनंतर लगेच वाळते, त्यात कुसळी जास्त असते, आणि गुरांना ती कोवळी असतानाच उपयोगी. गुराखी ते जाळतात, कारण जाळले की गवत चांगले येते अशी समजूत आहे. गवत येते ते पावसाने आणि जमिनीखालच्या मुळांच्या साठ्यामुळे. आगीने मागच्या वर्षीची काडी जाते, म्हणून नवी पात लवकर डोळ्यांत भरते, एवढाच फरक. राखेतील पालाश मिळते खरे, परंतु नत्र आणि गंधक धुरावाटे जातात, आणि राख उताराच्या कातळावर टिकत नाही, पहिल्या जोराच्या सरीबरोबर ओहोळात उतरते. ज्यांना या मुद्द्यावर वाद घालायचा असेल त्यांच्याशी वाद घालू नये. कातळाचा एक कोपरा कुंपण घालून दोन वर्षे कापणीखाली ठेवावा आणि दुसरा नेहमीप्रमाणे राहू द्यावा, मग दोन्हींकडचे भारे मोजावेत. मी हे दोन गावांत केले, आणि त्यानंतर तिथे बोलण्याची गरज पडली नाही.

मग जाळायचे काय, तर जाळरेषा, म्हणजे वर सांगितलेली काठाची पट्टी. 180 हेक्टरच्या आपल्या वनाचा घेर, डोंगराचे वळसे धरून, सात किलोमीटरच्या आसपास असेल. सहा मीटर रुंदीची रेषा या सगळ्या घेरावर काढली तर जळणारे क्षेत्र होते 4.2 हेक्टर, म्हणजे शेकडा अडीचपेक्षाही कमी. तेवढी जमीन दर वर्षी काळी करून बाकीची हिरवी ठेवता येते. जिथे कातळाचे गवत थेट वनाला भिडते, तिथे रुंदी 12 मीटर ठेवावी. ओढा, देवराई, डांबरी रस्ता जिथे आपोआप आड येतो, तिथे काहीच करू नये. देवराईच्या सावलीत पाचोळाही ओला असतो आणि वणवा बहुधा तिच्या काठाशी येऊन बसतो, त्यामुळे तिच्या कडेची जांभूळ, अंजनी, करवंद यांची दाटी कोणी तोडणार नाही हे पाहणे, ही न जाळता मिळालेली जाळरेषा आहे.

कामाचा क्रम असा. भाताची झोडणी आटोपली की, म्हणजे डिसेंबरच्या आत, दोन्ही कडा आखून मधले गवत व झुडूप कापायचे. कडेला हातभर रुंदीचा पट्टा कुदळीने खरवडून उघडी माती काढायची. कापलेले गवत दाताळ्याने मध्यभागी लांबच लांब ओळीत ओढायचे आणि दोन-तीन आठवडे तसेच वाळू द्यायचे. त्यातले ज्याला हवे त्याने भारे न्यावेत. आंब्याची अढी घालायला, पेट्या भरायला आणि कलमांच्या बुडाशी आच्छादन करायला गवत लागतेच, आणि जे नेले ते जाळावे लागत नाही. उरलेले जाळायचे ते जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. वनखात्याच्या लेखी वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून असा असतो, आणि त्याच्या पहिल्या दिवशी रेषा काळी आणि थंड झालेली असली पाहिजे.

जाळण्याच्या सकाळीविषयी मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण काम बिघडते ते येथेच. कोकणात रात्री उशिरापासून सकाळपर्यंत मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे साधारण पूर्वेकडून पश्चिमेकडे, अगदी हलका वाहतो. सूर्य चढला, जमीन तापली की तो पडतो. मग घटकाभर पान हलत नाही, आणि अकराच्या सुमारास, किनाऱ्याजवळ कधी त्याआधीच, खारा वारा समुद्राकडून येऊन उलट दिशेने वाहू लागतो. सकाळी ज्या बाजूला धूर जात होता, त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला दुपारी ठिणगी जाते. डोंगराच्या पश्चिम उतारावर हा वारा उताराच्या चढत्या हवेला मिळतो, म्हणून तिथे त्याचा जोर दुप्पट भासतो. पुस्तकांत लिहिलेले असते की जाळण्याचे काम संध्याकाळी करावे, कारण हवेतला ओलावा वाढत जातो. ते तत्त्वतः बरोबर आहे. पण संध्याकाळी उतारावर, अंधारात, कापलेल्या गवतात हात घालून माणसांनी काम करायचे आणि त्या कातळात फुरशी हे विषारी साप असायचे, हे मला कधी पटले नाही. मी नेहमी सकाळ घेतली आणि तिची किंमत म्हणून दुपारभर पहारा ठेवला.

साडेसातला जागेवर पोचावे. बाजूचे उभे गवत मुठीत धरून चुरगळावे. ते मऊ लागले, तळहाताला ओल आली, तर दव आहे आणि काम होणार. करकर मोडले तर त्या दिवशी घरी जावे. कापून ठेवलेल्या ओळीचा वरचा थरही दवाने ओला असतो, पण तळ कोरडा असतो, म्हणून दाताळ्याने ओळ उलटी करावी, म्हणजे कोरडे वर येते. आठ-सव्वाआठला ती पेटते, आणि बाजूचे उभे गवत तेव्हा अजून ओले असते. याच तासा-दोन तासांच्या फरकावर सगळे काम उभे आहे. पेटवायला झावळीची चूड पुरते. आग लावायची ती वारा जिकडे जातो आहे त्या टोकाकडून, म्हणजे ती वाऱ्याच्या तोंडावर, मागे सरकत, हळू जळते. उतारावर असाल तर वरून सुरुवात करून खाली यायचे. चढावर आग फार वेगाने धावते. ऑस्ट्रेलियातील अग्नितज्ज्ञ मॅकआर्थर यांचा ठोकताळा असा की, चढ 10 अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. 11 मार्च 2018 रोजी तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकिंगला गेलेल्या गटातील वीसहून अधिक जण दगावले, ते अशाच गवताळ चढावर आगीत सापडून. गवताची आग म्हणून तिला कोणी हलके लेखू नये.

आपल्या गावात ही पद्धत कोणाला नव्याने शिकवावी लागणार नाही. राब, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजताना शेण, पालापाचोळा, कवळ (झाडांच्या तोडलेल्या पालेदार फांद्या), गवत आणि वर माती असा थर रचून शेतकरी वाऱ्याच्या आडोशाच्या टोकाकडूनच पेटवतो, कारण आग हळू सरकली तर जमीन नीट भाजते, हे त्याला ठाऊक असते. तीच रीत डोंगरावर न्यायची आहे. आणि गावाच्या कडेला कातकरी वाडी असेल तर त्या मंडळींना नुसते मजूर म्हणून बोलावू नये, कामाची आखणी त्यांना विचारून करावी. कोळसा पाडण्यात आयुष्य गेलेल्या एका कातकरी काकांनी मला शिकवले होते की, धुराचा रंग पांढरा असेपर्यंत बोलत बसायला हरकत नाही, पिवळट झाला की उभे राहायचे आणि काळा झाला की पंप हातात घ्यायचा.

दहा-बारा माणसे असावीत. दोघे पेटवायला, चौघे दोन्ही कडांना जांभळीचे हिरवे टहाळ घेऊन, दोघे बागेतले पाठीवरचे फवारणी पंप पाण्याने भरून, दोघे मागून विझवत येणारे, आणि एक माणूस असा की ज्याच्या हातात काहीही नसेल आणि जो नुसता वारा पाहील. हा शेवटचा माणूस लोक हटकून गाळतात. ज्वाळ गुडघ्याच्या वर चढू लागली की थांबायचे, ओळ तोडायची आणि गवत कमी करायचे. या रीतीने एका सकाळी चारशे ते सहाशे मीटर होतात, म्हणजे आपल्या घेराला सुमारे 14 सकाळी लागतील. घाई केली की हे काम अंगावर येते. साडेदहाला, ओळ शिल्लक असली तरी, नवी आग लावायची नाही.

आणि मग विझवणे. रायगडातल्या एका परिमंडळात मी वनपाल असताना आम्ही नऊच्या आत रेषा जाळून पूर्ण केली होती. ज्वाळ नव्हती, धूर नव्हता, माणसे न्याहारीला बसली आणि मी पुढच्या कामाला निघालो. रेषेच्या मधोमध एक रानशेणी, म्हणजे रानात पडून वाळलेले गुराचे शेण, होती. ती आतून लाल होती आणि वरून राखेने झाकलेली, बूट लागला असता तरच कळले असते. साडेबाराला खारा वारा भरात आला, रानशेणी फुटली आणि तिचे निखारे कडेची माती ओलांडून पलीकडच्या गवतात गेले. दोन तासांत तीन हेक्टर काजू गेला, एका कुटुंबाने कर्ज काढून लावलेला, चौथ्या वर्षात आलेला. त्या घरातील बाई मला लागेल असा एक शब्दही बोलल्या नाहीत. बांधावर उभे राहून त्या जळलेली रोपे मोजत होत्या. भरपाईचे कागद मी स्वतः फिरवले, ती पुरेशी मिळाली नाही, आणि चूक माझी होती. त्या दिवसापासून मी प्रत्येक रेषेवर, आग विझल्यानंतर, हाताची पालथी बाजू जमिनीजवळ धरून चालत गेलो आहे. ऊब लागली की तिथे पाणी, मग कुदळ, मग पुन्हा पाणी. खोडाची ढोली, वाळवीचे वारूळ, रानशेणी, जुने मूळ या चार ठिकाणी आग दडते. दोन माणसे दुपारी चारपर्यंत जागेवर थांबलीच पाहिजेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक फेरी झाली पाहिजे.

यंत्रसामग्री आणि मनुष्यबळ असणाऱ्यांकडूनही हेच घडते. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात वनसेवेने जानेवारी 2022 मध्ये जाळलेले लाकडांचे ढीग हिवाळाभर, बर्फाखालीही, धुमसत राहिले आणि एप्रिलमध्ये पुन्हा पेटले. शेजारीच 6 एप्रिलला लावलेला नियंत्रित जाळही वाऱ्याने हाताबाहेर गेला. दोन्ही आगी एकत्र होऊन 3 लाख 41 हजार एकर क्षेत्र जळाले, त्या राज्याच्या नोंदींतील ती सर्वांत मोठी आग ठरली, आणि वनसेवेने देशभरातील ठरवून जाळण्याचे काम 90 दिवस थांबवले. तरुणांनी पाहिलेल्या चित्रफितीत हा भाग बहुधा नसेल, तो त्यांना जरूर सांगावा.

कायद्याबाबत थोडक्यात. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 प्रमाणे गुन्हा आहे, आणि समितीचा ठराव असला तरी तो गुन्हाच राहतो. अभयारण्यात, म्हणजे आपल्या भागात फणसाडसारख्या ठिकाणी, वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 चे कलम 30 लागू होते. म्हणून जाळरेषेचे काम वनक्षेत्रपालांच्या लेखी आदेशाने आणि वनरक्षकांच्या उपस्थितीतच करावे, तारीखवार आखणी नोव्हेंबरात त्यांच्याकडे द्यावी आणि शेजारच्या बागायतदारांना आदल्या दिवशी कळवावे. भारतीय वन अधिनियमाचेच कलम 79 असे सांगते की, वनात हक्क किंवा सवलत असणाऱ्यांनी आग विझवायला मदत केली पाहिजे. गावात हे कलम धाक म्हणून न वाचता, डोंगरावर आपला हक्क मान्य झाल्याची खूण म्हणून वाचून दाखवावे. वनहक्क कायदा, 2006 खाली सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर राखण करण्याचा अधिकार ग्रामसभेलाही आहे.

जाळरेषा बाहेरून येणारी आग अडवते, आत लावलेल्या आगीला ती काही करू शकत नाही. आणि आपल्याकडे आग आपोआप लागत नाही, ती लावली जाते किंवा हातून सुटते. बागेतला पाचोळा जाळताना, राब भाजताना, मधाचे पोळे काढताना, रानडुक्कर उठवताना, विडीचे थोटूक टाकताना. यातले सगळ्यांत मोठे कारण कोणते, हे गावागावांत वेगळे असते आणि ते गावाला माहीत असते. मी सचिव असतो तर मागच्या पाच वर्षांच्या वणव्यांची सुरुवात कुठून झाली, एवढेच एका नकाशावर टिंब देऊन काढले असते, नाव कोणाचेही न लिहिता. टिंबे बहुधा दोन-तीन जागीच दाटतात. बागांच्या बाजूला दाटली तर पाचोळा जाळण्याऐवजी आळ्यात कुजवण्याचा ठराव करावा आणि ज्याला जाळायचेच आहे त्याने समितीला सांगून, पंप सोबत ठेवून, सकाळीच जाळावे. राबाच्या बाजूला दाटली तर राब भाजण्याचे काम वळवाच्या तोंडावर सर्वांनी ठरलेल्या दिवशी करावे, किंवा ज्यांची तयारी असेल त्यांनी न भाजता गादीवाफ्यावर रोपे काढावीत. भातशेतीच्या चारसूत्री पद्धतीत भाताच्या तुसाची काळी राख वाफ्यात मिसळतात आणि गिरिपुष्पाचा पाला खाचरात घालतात. नेरळच्या सगुणा भात तंत्रात तर लावणीच नसल्याने राब लागत नाही. कवळ तोडणे कमी झाले तर डोंगरावरच्या ऐनालाही श्वास मिळेल, पण हा निर्णय शेतकऱ्याचा आहे आणि त्याच्यावर लादून तो टिकत नाही.

उपग्रहाच्या सूचनेवर फार विसंबू नये. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था आगीची ठिकाणे मोबाइलवर कळवते, नावनोंदणी कोणालाही करता येते आणि ती आपण करावीच. परंतु उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच माथ्यावरून जातो, आणि कातळावरचे गवत दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात जळून थंडही होते. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी बारा ते पाच या वेळेत टेकाडावर बसलेला एक माणूस, त्याच्याकडे शिट्टी आणि फोन, आणि खाली चार घरांत भरून ठेवलेले पंप, यांचा उपयोग मला नेहमी अधिक झाला. आग मोठी दिसली तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर लगेच कळवावे. समोरून येणाऱ्या वणव्याला उलटा जाळ लावून अडवण्याचा प्रकार मात्र समितीने स्वतः कधीही करू नये. त्यासाठी वाऱ्याचा अंदाज आणि माघारीची वाट दोन्ही बिनचूक लागतात, आणि चूक झाली तर माणसे दोन आगींच्या मध्ये सापडतात.

पहिल्या वर्षी सगळे सात किलोमीटर हाती घेऊ नयेत. पश्चिमेची कातळाला लागून असलेली बाजू आणि बागांच्या वरची बाजू एवढेच, म्हणजे साधारण अडीच किलोमीटर, नीट करावे. कातळाच्या बाजूला रेषा वनाच्या हद्दीवर न ठेवता, जमीनमालकांची संमती मिळाली तर पंधरा-वीस पावले कातळावर पुढे घ्यावी, म्हणजे सुटलेली ठिणगी झाडाखालच्या पाचोळ्यात न पडता उघड्या दगडावर पडेल. बागांच्या वरच्या बाजूला उतार असल्यामुळे तिथे दर सकाळी दोनशे-तीनशे मीटरच धरावेत आणि वारा पाहायला वयाने मोठा, त्या डोंगरावर गुरे वळलेला माणूस निवडावा. आखणीसाठी नोव्हेंबरात एक दिवस वनरक्षकांसोबत सगळ्या घेरावरून पायी फिरावे, आणि त्या दिवशी सोबत चुन्याची पिशवी व दोन कोयते असू द्यावेत.